घाटात मालगाडी थांबवणारं भूत

आमच्या मुरबाड तालुक्यात रेल्वे नाही. येणार, येणार म्हणून आजोबांनी धोतर धुऊन ठेवलं, वडिलांनी पॅन्ट शिवून घेतली, आणि मी सिद्धगडाच्या पायथ्याला जन्माला आलो तो कान जमिनीला लावूनच. म्हणून शहापुरात मास्तरकी लागली तेव्हा पगारापेक्षा मला रूळ जवळ आल्याचा आनंद जास्त झाला. पहिल्या महिन्यात फाटकाशी उभा राहून मी इतक्या गाड्या बघितल्या, की फाटकवाला जेवायला जाताना मला सांगून जायचा. हे मी थोडं वाढवलं आहे. पुढंही जिथं जमेल तिथं वाढवीन. मालगाडीचं मात्र जसं घडलं तसंच सांगणार आहे, कारण ते वाढवायला मला धीर होत नाही.

कसाऱ्याच्या वर घाटाचा चढ लागतो, तिथं रुळांच्या कडेला एक दगडी खोली आहे. इंग्रजांच्या काळात तिथं सिग्नलच्या बत्त्या पुसायच्या, तेल भरायचं, वाती कातरायच्या. नव्वद सालानंतर कधीतरी एका हौशी साहेबानं त्या खोलीत जुन्या वस्तू मांडल्या, बाहेर 'रेल्वे वारसा संग्रहालय' अशी पाटी लावली, आणि पाटीचा रंग वाळायच्या आत त्याची बदली झाली. मग कुलूप, मग गंज, मग वटवाघळं. आम्ही तिघांनी ती खोली उघडली तेव्हा आत वटवाघळांची जत्रा भरली होती. फक्त पाळणा तेवढा नव्हता.

तिघं म्हणजे मी, मुकादम आणि बाई. मुकादम उंबरमाळीकडचे. याच घाटात रूळ सांभाळणाऱ्या गँगमध्ये लागले, याच घाटात मुकादम झाले आणि याच घाटातून निवृत्त झाले. नोकरीभर एक डाग नाही, हे ते स्वतः कधी बोलले नाहीत. त्यांची बायको मात्र पाहुण्यांना चहाच्या आधी सांगायची. बाई कसाऱ्याच्या तिकीटखिडकीवरून निवृत्त झालेल्या. खिडकीतून जग बघायची सवय लागल्यानं समोरच्याकडं त्या नेहमी थोडं वाकून आणि संशयानं बघत. भंगारात निघालेल्या वस्तू मुकादमांनी वर्षानुवर्षं विनंत्या करून अडवून धरल्या होत्या. त्यांच्या वडिलांनी ज्या पहारीनं घाटातले दगड हलवले, ती पहारसुद्धा त्यात होती. खोली गेली असती तर सगळं भंगारवाल्याच्या ट्रकात गेलं असतं. म्हणून ती खोली म्हणजे मुकादमांचा जीव होता. मला आपली हौस.

खोली उघडायची परवानगी नव्या साहेबांनी दिली, तीही तोंडी. टेबलावरची फाईल न मिटता म्हणाले, "रुळावरच्या गाडीला तुमचा त्रास नाही, तोवर खोली तुमची. एक गाडी तुमच्यामुळे थांबली, की मी कुलूप लावणार. मग माझ्याकडे यायचं नाही."

"गाडी कशाला थांबंल साहेब," मुकादम म्हणाले. "गाड्या चालाव्या म्हणून तर जल्म गेला."

पहिलं सबंध वर्ष खोलीत कोणी आलं नाही. एकदा एक कुटुंब आलं, तर त्यांना मुतारी हवी होती. मग एका रविवारी डोंबिवलीच्या चार माणसांना मी सहज सांगितलं, की या खोलीत एक बत्तीवाला राहायचा, साहेबाच्या काळातला, तो अजून येतो. पुढच्या रविवारी ती चार माणसं अकरा माणसं घेऊन आली. वस्तू बघायला माणूस येत नव्हता आणि नसलेल्या माणसाला बघायला माणसं लोकल पकडून येत होती! मग काय, मी सुटलोच. पहिल्या रविवारी बत्तीवाला नुसता खोकायचा. दुसऱ्या रविवारी मी त्याला लंगडा केला. तिसऱ्या रविवारी मुंडकंच उडवलं. मुंडक्याशिवाय खोकतो कसा, असं एका पोरीनं विचारलं, तेव्हा खोकणं बंद केलं.

'भूतशोध' ठेवायचा तो भर दुपारी बाराला. आमच्याकडं कडक दुपारी बाराची वेळ रात्रीपेक्षा वाईट मानतात, त्या वेळेला ओढ्याकडं कोणी एकटं जात नाही. शिवाय रात्री घाटात बिबट्या फिरतो, आणि भुताला बघायला आलेली माणसं बिबट्याला दाखवणं बरं नव्हे. श्रावण-भाद्रपदात तर दुपारीसुद्धा धुकं असं उतरतं, की आपलाच हात दुसऱ्याचा वाटावा.

भूत व्हायचे मुकादम. दुसरं होतं कोण? मी मधे उभा राहून गोष्ट सांगायचो, आणि माझं पोट बघून कोणी भूत मानलं नसतं. मुकादमांचं घर दीक्षा घेतलेलं. त्यांची बायको मला तोंडावर म्हणाली, "गुरुजी, घरात बुद्धवंदना नि रविवारी माझा नवरा भूत! तुमाला लाज कशी वाटत नाय हो?"

"वहिनी, भूत नाही, हे दाखवायलाच तर भूत करतोय," मी म्हणालो.

"मंग शेवटाला सांगता का, की ते भूत नाय म्हणून?"

शेवटी आम्ही ते सांगत नव्हतो. विषय मी चहावर नेला.

मुकादमांनी एकच अट घातली होती. संग्रहालयातली हातबत्ती ते वापरणार. तिच्यात लाल, हिरवी, पांढरी अशा काचा फिरवायची सोय होती. "लाल काच काढून टाकायची," ते म्हणाले. "चालत्या रुळाकडंला लाल उजेड नको. खेळात सुद्धा नको." त्यांनी स्वतः खिळपट्टी सोडवून लाल काच काढली, फडक्यात गुंडाळली आणि कपाटात ठेवली. मला तर बरंच झालं, भुताला हिरवाच रंग शोभतो. बाईंनी आपल्या डोक्यातल्या टाइमटेबलवरून बाराच्या सुमारास वर जाणारी गाडी नाही, असा वीस मिनिटांचा मोकळा वेळ काढून दिला. हिरवी बत्ती, मोकळा रूळ. आम्हाला वाटलं, आता गाडी थांबणं शक्यच नाही. एकूण तिघांनी मिळून रेल्वेचा इतका विचार केला होता, आणि तिथंच चुकलो.

तो रविवार सांगतो.

सतरा माणसं आली होती. त्यात ठाण्याकडच्या, शाळेत व्यायाम शिकवणाऱ्या एक बाई होत्या. दणकट, हातात लांब दांड्याची छत्री, आणि नजरेत 'मला कोण फसवतं बघू' असा भाव. खोलीत मी सगळ्यांना दाटीनं उभं केलं. खिडकी रुळांकडं. बाहेर धुकं असं, की खिडकीला कोणी पांढरा कपडा लावलाय. पंधरा पावलांवर करवंदीच्या जाळीमागं मुकादम बत्ती घेऊन बसले होते.

मी आवाज खाली आणला. "बारा वाजले की तो पहिल्यांदा वात पेटवतो. मग चालतो. पाय दिसत नाहीत. बत्ती तेवढी दिसते."

हिरवा ठिपका धुक्यात उगवला. माणसं खिडकीकडं रेटली. ठिपका हळूहळू डावीकडं सरकला, थांबला, उजवीकडं सरकला. मुकादमांचा हात म्हणजे घड्याळाचा लंबक! मी माना मोजल्या, सोळा. सतरावी, छत्रीवाली, जागेवर नव्हती.

त्याच वेळी खालच्या वळणावरून घरघर आली. मागून दोन इंजिनं ढकलतायत आणि पुढं एक ओढतंय, असा तो घाटातला जड आवाज. मालगाडी. मालगाडीला टाइमटेबल नसतं, ही गोष्ट तीस वर्षं खिडकीवर बसलेल्या बाईंच्या डोक्यात त्या क्षणी आली. "अगं बाई," एवढंच त्या म्हणाल्या.

गाडीचा आवाज आला की बत्ती खाली घेऊन बसायचं, हे ठरलेलं होतं. मुकादमांनी हात खाली घ्यायला सुरुवात केली, तेवढ्यात मागून छत्रीचा वाकडा दांडा त्यांच्या मानेत अडकला आणि धुक्यातून आवाज आला, "पकडला!"

भूत ओरडलं. मी इतकी वर्षं भुताच्या गोष्टी सांगतो, पण ओरडणारं भूत मी पहिल्यांदा ऐकलं. बत्ती वर गेली, खाली आली, डावीकडं, उजवीकडं, नुसती वेड्यासारखी हलली. आणि घाटात तो आवाज सुरू झाला, जो मी आधी कधी ऐकला नव्हता आणि पुन्हा ऐकायचा नाही. लोखंडावर लोखंड घासत जाणारा, लांबत जाणारा, शेवटी डब्यामागून डबे एकमेकांना धडकत थांबणारा. मग शांतता.

खोलीतल्या सोळा माणसांनी टाळ्या वाजवल्या.

"काय जबरदस्त केलंय हो!" एक जण म्हणाला. "गाडीपण आणली!"

बाईंनी माझा दंड धरला आणि कानाशी म्हणाल्या, "लाल काच काढली म्हणून निर्धास्त होतात ना? अहो, बत्ती कुठल्याही रंगाची असू दे, जोरात हलली की थांबायचं, हा नियम आहे. ड्रायव्हरनं बरोबर केलं."

"मुकादमांना माहीत नव्हता?"

"त्यांना माहीत नाही असा नियमच नाही. आपला हात असा जोरात हलत नाही, हे पण त्यांना माहीत होतं."

चढावर थांबलेली मालगाडी पुन्हा उठवणं म्हणजे चिखलात बसलेली म्हैस उठवणं. मागं कसाऱ्यात मेल येऊन उभी राहणार, तिच्या मागं आणखी एक. एक गाडी थांबली की कुलूप, असं साहेब म्हणाले होते. इथं तर रांग लागणार होती.

धुक्यातून बूट वाजले. असिस्टंटला इंजिनात ठेवून ड्रायव्हर स्वतः उतरून आला होता. पन्नाशीचा, बारीक अंगाचा, हातात डायरी, खांद्याला वॉकीटॉकी. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, भीती होती. रागावला असता तर मला सोपं गेलं असतं.

"बत्ती कोणी दाखवली?" त्यानं विचारलं.

आणि मी, देवाशपथ, विचार न करता म्हणालो, "कुठली बत्ती?"

इथून पुढचं मला सांगायला आवडत नाही.

तो म्हणाला, "हिरवी. जोरात हलत होती. इथंच, या अंगाला."

"इथं कोणी नाही साहेब. आम्ही सगळे आत." मी मागं बोट केलं. सोळा माणसं माना हलवत होती, कारण त्यांना तो खेळाचाच भाग वाटत होता. "पण तुम्ही पहिले नाही. या खोलीत एक बत्तीवाला होता..."

आणि मी सांगितलं. माझ्या आयुष्यात मी इतकं चांगलं कधी सांगितलं नाही. मुंडकं नाही, पाय नाहीत, हिरवी वात, बाराची वेळ. या जागी आणखी दोघा ड्रायव्हरांना तो दिसल्याचं मी त्याच क्षणी घडवलं. ऐकता ऐकता त्या माणसाच्या कपाळावर घाम आला. धुक्याचा गारवा, आणि घाम.

वॉकीटॉकी खरखरली. गार्डचा आवाज: "काय झालं रे? कारण काय टाकू? कसारा विचारतंय."

ड्रायव्हरनं बटण दाबलं, सोडलं. मग माझ्याकडं बघत, खूप हळू म्हणाला, "भाऊ, पुढच्या आठवड्यात माझी डोळ्यांची तपासणी आहे. खरं सांगा. मला दिसलं, की नाही दिसलं?"

डायरी उघडी होती. त्यानं 'बत्ती दिसली' असं लिहिलं तर आमची खोली जाते. 'काहीतरी भास झाला' असं लिहिलं तर खोली राहते, आणि तो इंजिनावरून उतरतो. आधी तोंडाचा वास घेतील, मग डोळे, मग डोकं. हे मला त्या वेळी सगळं कळत होतं. कळत नव्हतं असं म्हटलं असतं तर बरं दिसलं असतं.

छत्रीवाल्या बाई खोलीच्या कोपऱ्यावरून पुढं आल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. "अहो, पण मी तर तिथं..." त्यांनी सुरुवात केली.

"तुम्हीपण बघितलंत ना?" मी मधेच तोडलं, आणि डोळ्यांनी हात जोडले. त्यांनी छत्री पाठीमागं धरली. माझ्या बाजूला तिकीटखिडकीच्या बाई उभ्या होत्या, तोंडावर पदर घट्ट धरून. करवंदीच्या जाळीतून रॉकेलचा वास येत होता. मला येत होता, म्हणजे ड्रायव्हरलाही यायला हवा होता. पण तो डोळे चोळत होता. पुन्हा पुन्हा. मूठ करून, लहान मुलासारखे.

"काहीच नव्हतं म्हणता?"

"काहीच नाही," मी म्हणालो.

मागच्या इंजिनांनी शिटी दिली. लांब, मग आखूड. ड्रायव्हरनं पेन उघडलं. पेनाचं टोक कागदावर टेकलं आणि तिथंच राहिलं. मी मनात म्हणत होतो, लिही बाबा, भास म्हणून लिही, पुढचं पुढं बघू.

"भास नाय."

जाळी हलली. मुकादम बाहेर आले. मानेवर छत्रीचा लाल वळ, अंगावर आम्ही भुतासाठी पांघरलेलं काळं घोंगडं, हातात बत्ती, अजून पेटलेली. ते ड्रायव्हरपासून चार पावलांवर सरळ उभे राहिले.

"मी दाखवली. गँगचा मुकादम होतो, रिटायर. दाखवायची नव्हती, हात हलला."

"मुकादम!" मी म्हणालो.

"तुमी गप ऱ्हावा गुरुजी." त्यांनी माझ्याकडं बघितलंही नाही. ड्रायव्हरला म्हणाले, "तुमाला दिसली ती बत्तीच. हिरवी, जोरात. थांबलात ते बरोबर केलं. तसंच ल्ह्या."

"तुमच्यावर येईल," ड्रायव्हर म्हणाला.

"येऊ द्या ना. पण उद्या तुमाला पुढं खराच लाल दिसंल नि तुमी म्हणाल, भास असंल. मग काय करायचं? ज्याचा डोळ्यावरला भरवसा गेला, त्यानं घाटात गाडी आणायची नाय. ह्या मास्तरानं तुमचा भरवसा काढून घेतला आत्ता. तो पयला परत घ्या."

ड्रायव्हर बत्तीच्या जवळ आला. मग म्हणाला, "एकदा हलवून दाखवता? तशीच?"

"रुळाकडं पाठ करून दाखवतो," मुकादम म्हणाले, आणि वळून, घोंगड्याच्या आडोशाला, त्यांनी ती बत्ती हलवली. वर, खाली, डावीकडं, उजवीकडं. ड्रायव्हरनं मान डोलावली. "हीच. अशीच." त्यानं लिहिलं. लिहिताना त्याचा हात स्थिर होता, ते मी बघितलं. लिहून झाल्यावर त्यानं डायरी मुकादमांपुढं धरली. मुकादमांनी वाचली आणि खाली स्वतःचं नाव, निवृत्तीच्या आधीचा हुद्दा आणि गाव नीट अक्षरात घातलं.

मग ड्रायव्हर माझ्याकडं वळला. मला वाटलं, आता देतो एक ठेवून. तो नुसता म्हणाला, "गोष्ट छान सांगता तुम्ही," आणि धुक्यात गेला.

गाडी उठायला बराच वेळ लागला. मागची इंजिनं रेटायची, चाकं जागेवर फिरायची, पकड यावी म्हणून रुळावर वाळू टाकायची, पुन्हा रेटायची. एक गाडी धड चालू लागावी म्हणून मी कधी इतका ताटकळलो नाही. शेवटचा डबा वळणाआड गेला तेव्हा खोलीतली माणसं पांगली होती. छत्रीवाल्या बाई मात्र थांबल्या. मुकादमांच्या मानेला लावायला त्यांच्या पिशवीत मलम निघालं.

"मारायला नको होतं हो मी," त्या म्हणाल्या.

"पकडलात ते ठीकच," मुकादम मान वाकवून म्हणाले. "पण भूत समजून कोणी मानंला दांडा घालतं का बाई? भुताला मान नव्हती, गुरुजींनी कवाच उडवली हुती."

हसलो सगळे. तसं हसू नको वाटतं, पण येतं.

मंगळवारी चौकशी झाली. साहेबांनी मला विचारलं, "हे खरं?" मी म्हणालो, "हो." त्यांनी परत विचारलं. माझा लौकिक त्यांच्यापर्यंत पोचला होता. शेवटी बाईंनी, "मी साक्ष आहे," असं खिडकीच्या आवाजात सांगितलं तेव्हा त्यांनी लिहून घेतलं. मुकादमांना त्यांनी लेखी समज दिली. इतक्या वर्षांच्या नोकरीत नव्हता तो डाग निवृत्तीनंतर लागला, आणि तो माझ्या भुतामुळे. बुधवारी खोलीला कुलूप पडलं. वस्तूंची यादी झाली. भंगारात जाणार की मोठ्या शहरातल्या संग्रहालयात, हे त्या वेळी कोणी सांगेना. पहार यादीत लिहिताना कारकुनानं 'लोखंडी दांडा' असं लिहिलं. मुकादमांनी ते खोडायला लावलं आणि 'पहार' लिहून घेतलं.

पंधरा दिवस मी त्यांच्याकडं गेलो नाही. गेलो तेव्हा ते अंगणात चवळीच्या शेंगा सोलत बसले होते. वहिनींनी मला बसायला सांगितलं नाही. चहा मात्र आणला. माफी मागायची म्हणून मी वाटेत चांगलं घोळून वाक्य तयार केलं होतं. अर्ध्यावर गेलो आणि ते गोष्टीसारखं वाटायला लागलं, म्हणून सोडून दिलं.

मुकादम शेंगा सोलत राहिले. मग म्हणाले, "तो ड्रायव्हर काल गाडी घेऊन गेला वर. मी पुलाकडं हुतो. खिडकीतनं हात केला त्यानं."

"तपासणी?"

"झाली म्हणायची. नायतर इंजिनावर कसा?"

"गाडी कशी गेली?"

त्यांनी शेंग मोडली, दाणे टोपल्यात टाकले.

"टायमात," म्हणाले.